सैर, सैल, सहल

रविवारी घराबाहेर पडायला हैदराबादेतल्या आमच्या काचीगुड्याच्या घरात तीन शब्द होते. आजी विचारायची, "जत्रेला निघालात का रे सगळे?" वडील आदल्या रात्रीच सांगून ठेवत, "उद्या सहल आहे, लवकर उठा." आणि भिंतीपलीकडच्या चाची जिन्यात भेटल्या की म्हणत, "सैर कू जारे क्या?" जायचो मात्र एकाच ठिकाणी, बहुतेक वेळा गंडीपेठेच्या धरणावर. पितळी डब्यात दशम्या, शेंगांची चटणी आणि लिंबाचं लोणचं, फिरकीच्या झाकणाचा पाण्याचा तांब्या, एक सतरंजी. बांधावर सतरंजी पसरेपर्यंत तिन्ही शब्द एक होऊन गेलेले असत.

ते खरंच एक आहेत का, हा प्रश्न मला फार उशिरा पडला. पडला तो मात्र सुटला नाही.

जत्रेचं कोडं सोपं आहे. संस्कृत यात्रेतल्या 'य'चा लोकांच्या तोंडी 'ज' झाला. तेलुगूत तीच जातरा. मुलुगू जिल्ह्यात मेडारमला दर दोन वर्षांनी समक्का-सारक्कांची जातरा भरते आणि सगळं तेलंगण तिकडे लोटतं. आजीच्या लेखी साऱ्या घरानं शिदोरी बांधून निघणं म्हणजे देवाला जाणं. दुसऱ्या कशासाठी घर रिकामं करून निघतात, हे तिनं मराठवाड्यातल्या आपल्या गावी कधी पाहिलंच नव्हतं. म्हणून तिनं धरणालाही जत्रेत बसवलं. त्यात तिची चूक होती असं मला आजही वाटत नाही.

सैरही सरळ आहे. अरबीत स-य-र या धातूचा अर्थ चालणं, फिरणं. त्यातूनच सय्यारा, म्हणजे फिरणारा तारा, ग्रह. 'सैरसपाटा' याच घरातला. 'सैरावैरा' मात्र या घरातला नाही. तो आपल्या 'स्वैर'चा नातू आहे, प्राकृतातून आलेला. ऐकायला सारखे शब्द एका आईचे असतीलच असं नाही, हे या जोडीवरून ध्यानात ठेवावं, कारण पुढे याची गरज पडणार आहे.

खरी अडचण सहलीची. अरबीत 'सहल' नावाचा शब्द आहे आणि तो फार सुंदर आहे. त्याचा पहिला अर्थ सपाट जमीन, मैदान. डोंगर-दगड संपून जिथे पावलाला त्रास होत नाही ती जागा. त्यावरून दुसरा अर्थ सोपं, सुकर. अरब लोक पाहुण्याचं स्वागत 'अहलन व सहलन' म्हणून करतात. आखाती देशांत नोकरी करून आलेल्या हैदराबादी माणसाच्या तोंडून हे कधी ना कधी ऐकायला मिळतंच. अहल म्हणजे घरची माणसं, सहल म्हणजे सपाट भुई. तू आपल्या माणसांत आलास आणि सोप्या वाटेवर आलास, असा त्याचा भाव. उर्दूनं यातला 'सोपं' हा अर्थ उचलला. शायरीत 'सहल-ए-मुमतना' नावाचा गुण मानतात. वाचताना इतकं साधं वाटावं की हे तर कुणीही लिहील, आणि लिहायला बसावं तर एक ओळ साधू नये.

तेव्हा मराठी सहल म्हणजे हीच अरबी सहल, सोपं-सोपं फिरणं, असं म्हणून मोकळं व्हावंसं वाटतं. घरची माणसं आणि सोपी वाट, सहलीची याहून चांगली व्याख्या कुठे मिळणार? मीही बरीच वर्षं तसंच मानत होतो. पण एक गोष्ट खुपत राहिली. ज्या उर्दूतून हा शब्द आपल्याकडे यायचा, त्या उर्दूत फिरायला जाण्याला कुणीही सहल म्हणत नाही. दखनीतही नाही. तिथे सहल म्हणजे फक्त सोपं, आणि फिरणं म्हणजे सैर. चाचींनी एकदाही 'सहल कू जारे क्या' असं विचारलं नाही.

मग वाट दुसरी असली पाहिजे. उत्तरेकडच्या बोलींत सैरचं एक रूप आहे, सैल. 'र'चा 'ल' झालेलं. त्यावरूनच सैलानी, म्हणजे फिरस्ता. मराठी माणसाला हा शब्द परका नाही. बुलढाणा जिल्ह्यातला सैलानी बाबांचा दर्गा आणि होळीच्या सुमाराला भरणारी तिथली यात्रा विदर्भ-मराठवाड्यात सगळ्यांना ठाऊक आहे. ही 'सैल' मराठी कानावर पडली तेव्हा काय झालं असेल? आपण बोलताना 'ह' गिळतो. पहिला म्हणजे पैला, महिना म्हणजे मैना, पहिलवान म्हणजे पैलवान, शहर म्हणजे शैर. हैदराबादी दखनीतही 'पहले'चं 'पैले' होतं. ज्या माणसाला बोलताना पैला आणि लिहिताना पहिला अशी सवय आहे, तो 'सैल' ऐकून कागदावर काय लिहील? सहल. बोलीत गिळलेला 'ह' परत जागेवर बसवावा म्हणून त्यानं तो तिथे बसवला, जिथे तो मुळात नव्हताच. शेजारी 'सोपं' या अर्थाची खरी सहल उभी होतीच, तिनंही हात दिला असेल. माझा कौल असा आहे. शब्द सैरचा, पोशाख सहलचा.

शिवाय मराठीत आपली स्वतःची एक 'सैल' आहे. शिथिलपासून झालेली. गाठ सैल होते, हात सैल सुटतो, अंग सैल पडतं. वडील कोर्टात नोकरीला होते. आठवड्याचे सहा दिवस गळ्यापर्यंत बंद कोट घालून जाणारा तो माणूस गंडीपेठेच्या बांधावर सतरंजीवर लवंडायचा, तेव्हा कोटाचं वरचं बटण काढायचा. फक्त एक. पण मला सहल शब्दाचा अर्थ विचाराल तर अजून ते बटणच आठवतं. व्युत्पत्तीत याला जागा नाही हे मला कळतं. पण शब्द कानातून मनात जाताना अशा कितीतरी नसलेल्या नात्यांवर पाय ठेवत जातो आणि म्हणूनच तो टिकतो.

आता तिसरी सैल. तिच्यापाशी मला थांबायचं आहे.

अरबीत 'सैल' म्हणजे पूर. स-य-ल, वाहणं. त्याला फारसी 'आब' म्हणजे पाणी जोडलं की सैलाब. सैर वेगळी आणि ही सैल वेगळी, दोघींचा धातू वेगळा, रक्ताचं नातं नाही. पण हैदराबादेत या दोघींची गाठ पडली, आणि ती मुसीनं घालून दिली.

मुसी अनंतगिरीच्या टेकड्यांत, विकाराबादेजवळ उगम पावते आणि गावाच्या मधून वाहत जाऊन पुढे कृष्णेला मिळते. गावाच्या वरच्या अंगाला तिला ईसी येऊन मिळते. मुसा आणि ईसा, दोन पैगंबरांची नावं, असं इथले लोक हौसेनं सांगतात. जुनं पौराणिक नाव मुचकुंदा. कोकणात लांज्याकडची मुचकुंदी आणि इथली मुचकुंदा, दोन टोकांच्या दोन नद्यांना एकाच झोपाळू राजाचं नाव. हा मुचकुंद देवांसाठी लढून दमला आणि गुहेत झोपला. त्याची झोप ज्यानं मोडली तो जळून गेला. एरवी वर्षभर मुसी अशी झोपलेलीच दिसते.

२८ सप्टेंबर १९०८ला ती उठली. हैदराबाद त्या दिवसाला सैलाबपेक्षाही 'तुगयानी' म्हणतं. तुगयानी म्हणजे मर्यादा ओलांडणं, उन्मत्त होणं. आपल्या 'पूर' शब्दात नुसतं भरणं आहे, तुगयानीत बंड आहे. नदीवरच्या पुलांवरून पाणी गेलं, काठची वस्ती गेली, सुमारे पंधरा हजार माणसं गेली असं मानतात. अफजलगंजच्या दवाखान्याच्या आवारातल्या चिंचेच्या झाडावर चढून दीडशे माणसं वाचली. ते झाड अजून उभं आहे. शायर अमजद हैदराबादी वाचले, पण आई, बायको आणि मुलगी त्यांच्या डोळ्यांदेखत गेली. आमची विवेकवर्धिनी शाळा १९०७ची, म्हणजे या पुराच्या आदल्या वर्षीची. शाळेतून आमची पहिली शैक्षणिक सहल त्या चिंचेखाली गेली होती. गुरुजींनी खोडाला हात लावायला लावला. कुणी बोललं नाही.

त्या पुरानंतर निजामानं मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांना बोलावलं. पुन्हा अशी तुगयानी होऊ नये तर पाणी गावात शिरण्याआधी वरच अडवा, असा त्यांचा सल्ला. म्हणून मुसीवर उस्मानसागर, तो १९२०मध्ये पुरा झाला, आणि ईसीवर हिमायतसागर, १९२७चा. दोन्हींना नावं राजघराण्यातली, एक पुढे गादीवर आलेल्या निजामाचं, दुसरं त्याच्या थोरल्या मुलाचं. पण उस्मानसागरला उस्मानसागर कोण म्हणतं? सारा गाव त्याला काठच्या खेड्याच्या नावानं ओळखतो. गंडीपेठ. यातली पेठ आपलीच, पुण्यातली आणि सोलापुरातली. आणि तेलुगूत 'गंडी' म्हणजे बांधाला पडलेलं खिंडार. 'चेरुवुकु गंडी पडिंदी' म्हणजे तलावाला भगदाड पडलं. खेड्याला हे नाव धरणाच्या आधीपासूनचं. त्यामुळे पुराशी त्याचा संबंध लावू नये. तरीही ज्या भिंतीला भगदाड पडू नये म्हणून सगळा खटाटोप, तिची हाक खिंडाराच्या नावानं मारली जाते, हे तेलुगू समजायला लागल्यापासून माझ्या मनातून जात नाही.

म्हणजे आमची सहल ज्या बांधावर पसरायची, तो सैलाबातून उभा राहिला होता. हिरवळ, झाडं, भिंतीवरून दिसणारं पाणी, सगळं त्या सप्टेंबरचं देणं. आजीनं पूर पाहिलेला नव्हता, पण ती बांधावर गेली की आधी पाण्याला हळदकुंकू वाहायची आणि मगच डबा उघडू द्यायची.

डब्यावरून आठवलं. पिकनिक शब्द सतराव्या शतकातल्या फ्रेंचमधला आणि तेव्हा त्यात झाडाचं पानसुद्धा नव्हतं. ज्या जेवणात प्रत्येकानं आपला वाटा आणायचा ते पिकनिक, मग ते घरात का असेना. आपल्याकडे याला नेमका शब्द आहे, अंगतपंगत. इंग्रजांकडे येईतो ते जेवण उघड्यावर गेलं. आणि उघड्यावर जेवायचं म्हणाल तर मराठी घरात कार्तिकातलं आवळीभोजन आहेच. तेलुगू घरातही कार्तिकात वनभोजनालू असतं, तेही उसिरीच्या, म्हणजे आवळ्याच्याच झाडाखाली. आमच्या वाड्यातली दोन तेलुगू कुटुंबं आणि आम्ही मिळून जायचो. त्यांची पुळिहोरा, आमच्या दशम्या. अंगतपंगत आणि वनभोजन आणि पिकनिक, तिन्ही एकाच झाडाखाली व्हायची आणि कुणाला कुठल्या शब्दाची आठवणही व्हायची नाही.

संध्याकाळची छोटी सहल टँक बंडवर, हुसेनसागर तलावाच्या बांधावरच्या रस्त्यावर. हुसेनसागर १५६२चा, इब्राहिम कुतुबशहाच्या काळातला. पण त्या रस्त्याचं नाव इंग्रजी. निदान मला तसं वाटायचं. बंड म्हणजे आपला बांध, फारसी 'बंद'शी सख्खं नातं असलेला. आणि टँक? पोर्तुगीजांचा 'तांके' लॅटिनमधल्या साचलेल्या पाण्यापासून आला असं एक मत आहे. दुसरं मत असं की पश्चिम किनाऱ्यावर उतरलेल्या युरोपीय लोकांनी इथलं टाकं ऐकलं आणि उचललं. मला वाटतं दोन्ही खरं आहे. त्यांच्याकडे एक शब्द होता, इथे तसाच दुसरा भेटला, आणि दोघांनी हात मिळवले. किल्ल्यांवर कातळात टाकीनं खोदलेलं ते टाकं. कान्हेरीच्या लेण्यांतल्या शिलालेखांत त्याला पोढी म्हटलंय, पण आज रायगड-शिवनेरीवर कुणालाही विचारा, टाकंच म्हणेल. तेच टाकं इंग्रजांच्या बोटीत बसून गेलं आणि तळं होऊन परतलं. आम्ही टाक्याच्या बांधावर फिरत होतो आणि समजत होतो की इंग्रजी बोलतोय.

अशीच एक ओळख मला मासब टँकनं करून दिली. बसच्या पाटीवर रोज वाचलेलं नाव. मासब हा कुणी माणूस असेल असं वाटायचं. तो शब्द मुळात 'मां साहेबा'. हयात बख्शी बेगम, मुहम्मद कुली कुतुबशहाची मुलगी आणि अब्दुल्ला कुतुबशहाची आई. तिच्या मानाच्या नावानं तो तलाव. पाणी केव्हाच आटलं, आता तिथे मुलांची बाग आहे. मांसाहेब म्हटलं की मराठी मन जिजाऊंकडे धावतं. सतराव्या शतकात एकाच दख्खनेत दोन मांसाहेब होत्या, दोघींनी आपापल्या मुलाला राज्याच्या वाटेवर उभं केलं. आणि त्यातल्या एकीच्या मुलानं, शिवाजी महाराजांनी, १६७७मध्ये दुसरीच्या गावात, आपल्या लोकांच्या भाषेत भागानगरात, पाऊल ठेवलं. बागेत झोपाळ्यावर बसलेल्या पोरांना हे सांगावंसं फार वाटतं. एकदा सांगितलंही. ती ऐकत राहिली.

गोवळकोंड्याबद्दल मराठीचा मला अभिमान वाटतो. तेलुगूत गोल्ला म्हणजे गुराखी-धनगर, कोंडा म्हणजे डोंगर. बाकी जगानं त्याचं गोलकोंडा केलं आणि गुराखी हरवला. मराठीनं गोवळकोंडा म्हणून त्याला आपल्या गोवळाच्या, गोपाळाच्या रूपात जपून ठेवलं. वर चढून गेलं की वाटाड्या म्हणतो बाला हिसार, आणि फतेह दरवाजाशी वाजवलेली टाळी वर ऐकू येते ते दाखवतो. बाला म्हणजे वरचा. बालेकिल्ल्यातला 'बाले' तोच. मी वडिलांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे राजगडावरची मंडळी इथे आली असती तर पाटी न वाचता वाट सापडली असती."

जानेवारी आला की नुमाईश. १९३८पासूनची, आधी बाग-ए-आममध्ये, १९४६पासून नामपल्लीच्या मैदानावर. स्वेटर, चुनरी, पाळणे, आणि माझ्या आठवणीत कायमचा वास घेऊन बसलेली भाजलेली मक्याची कणसं. नुमाईश फारसी 'नुमूदन'पासून, दाखवणं. त्याच धातूचा आपला नमुना. कापडाचा नमुना, आणि पोरगं वांड असलं की 'नमुनाच आहे' म्हणतो तोही. फलकनुमा महालातला 'नुमा'ही तोच, आभाळ दाखवणारा. इतक्या मोठ्या शब्दांची ही भावंडं एका तंबूखाली उभी असतात आणि आपण त्यांच्यामधून पाळण्याकडे धावतो.

सालारजंगचं संग्रहालय तर ऐन मुसीच्या काठावर. १९५१मध्ये ते दिवाण देवडीत सुरू झालं, १९६८मध्ये आताच्या इमारतीत आलं. आपल्याकडे देवडी म्हणजे वाड्याच्या दिंडीदरवाजाच्या आत पहारेकऱ्यांनी बसायची ओटी. इथे देवडी म्हणजे उमरावाचा अख्खा वाडा. दाराशी असलेली जागा वाढत वाढत घर झाली. तिथल्या घड्याळासमोर दर तासाला माणसं गोळा होतात, दाढीवाला पुतळा बाहेर येऊन टोले देतो. बाराला गर्दी सगळ्यात मोठी, कारण टोले बारा. बाहेर आलं की पुलावरून नदी दिसते. काळी, बारीक, तिच्याकडे कुणी बघत नाही. सहलीच्या वाटेवर नदी आहे आणि सहलीत नदी नाही, याचं मला दुःख होतं. ज्या नदीमुळे धरणं आली, बागा आल्या, प्यायचं पाणी आलं, तिला आपण नाक दाबून ओलांडतो.

तिच्याकडे लोक तोंड वळवतात ते फक्त धरणाची दारं उघडल्यावर. जोराचा पाऊस झाला, हिमायतसागर भरला, दारं वर उचलली की बातमी गावभर होते आणि घरंच्या घरं पाणी बघायला निघतात. मुलं खांद्यावर, कुणाच्या हातात मिरचीभजी, कुणाकडे छत्री. मीही गेलो होतो, मुलगी आणि नात बरोबर. पुढे जाऊ देत नव्हते. लांबून पांढरं पाणी भिंतीखालून सुटताना दिसत होतं आणि जमीन थोडी थरथरत होती. माझ्या उजव्या हाताला एक म्हातारबाबा फोनवर कुणाला तरी ओरडून सांगत होते, "घर कू नै, सैल देखने आए!" उर्दूत तसं नुसतं सैल फारसं ऐकू येत नाही, सैलाब म्हणतात. कदाचित त्यांचं 'आब' पाण्याच्या आवाजात बुडालं असेल. डाव्या हाताला नात तिच्या मावशीला सांगत होती की आम्ही सहलीला आलोय. ती 'ह' गिळते, माझ्यासारखीच.

मला दोन्ही कानांनी एकच शब्द ऐकू आला.